विवराच्या काठावर दहावा माणूस

"या वर्षी धावपळ नाही, धांदल नाही, काही म्हणजे काही चुकणार नाही!" एल्काना वाक्नीनने मिनिबसच्या पायरीवर उभे राहून जाहीर केले. "सूर्य मावळायच्या जरा आधी आपण रामोन विवराच्या काठावर पोचू. मी बाबांसाठी कद्दीश म्हणेन, तुम्ही आमेन म्हणाल, मग केक, खजूर आणि सरळ घरी! प्रयोगशाळेतसुद्धा इतकी नेमकी आखणी कोणी करत नाही."

प्रयोगशाळेत गेल्याच सत्रात त्याने एक टेबल जाळले होते. पण बेरशेबाच्या त्या बोचऱ्या सकाळी ही आठवण काढण्याइतकी ऊब कोणाच्याच अंगात नव्हती.

विद्यार्थी मंडळाची ही हिवाळी सहल. वाळवंटात जायचे, झरा बघायचा, विवर बघायचे, संध्याकाळी परतायचे. आणि नेमकी त्याच दिवशी एल्कानाच्या वडिलांची पुण्यतिथी आली होती, यहूदी पंचांगातल्या अदार महिन्याची वीस तारीख. त्याचे वडील विवरातल्या खाणीवर ट्रक चालवायचे. भरलेला ट्रक घाटाने वर चढवला की विवराच्या दक्षिण काठावर एका ठरलेल्या वळणाशी थांबायचे, डबा उघडायचे, चहा प्यायचे. लहानपणी सुट्टीत एल्कानाही शेजारी बसून तो चहा प्यायला होता. तेव्हा कद्दीश म्हणायचे तर तिथेच, हे त्याने मनाशी पक्के केले होते. आईला त्याने यातले काहीच सांगितले नव्हते. संध्याकाळी फोन करून, "आई, आठवण करून द्यायची गरज नाही, सगळं झालं," असे म्हणायचे, एवढी एकच हौस होती.

कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, मात्र एकट्याने म्हणता येत नाही. त्याला दहा प्रौढ यहूदी पुरुष लागतात. नऊ महात्मे असले तरी भागत नाही आणि दहा टवाळ असले तरी भागते. बसमध्ये दहा टवाळ होते.

"मोज पुन्हा," एल्काना म्हणाला.

योना ग्रोसने मान डोलावली. योना हा एल्कानाचा वसतिगृहातला सोबती. कायद्याचा विद्यार्थी. त्याला वेळ विचारली तरी तो आधी डोळे मिटून कोणकोणत्या पंडिताचे काय मत आहे ते आठवायचा. माणसे एक, दोन, तीन अशी मोजली तर दृष्ट लागते, म्हणून योनाने दहा शब्दांचे एक प्रार्थनावचन घेतले आणि एकेका डोक्याकडे बघत एकेक शब्द म्हटला. शेवटचा शब्द मागच्या बाकावर झोपलेल्या उझिएलवर बरोबर बसला.

"पुरेपूर दहा," योना म्हणाला. "एकही जास्त नाही, एकही कमी नाही."

"आणि आम्ही?" पुढच्या बाकावरून अविशागने विचारले. अविशाग भूशास्त्राची विद्यार्थिनी आणि या सहलीची प्रमुख. बोलणे कमी, पण जे बोलेल ते खडकावर हातोडी मारल्यासारखे. "आम्ही मुली काय बसमधली हवा आहोत?"

"तसं नाही," योना डोळे मिटून म्हणाला, "या बाबतीत जुन्या पंडितांचं मत असं..."

"राहू दे. भाजी चिरायला मोजताना तुमचे पंडित आम्हाला बरोबर मोजतात."

चालकाच्या जागेवरून अबू-यासिर मोठ्याने हसले. अबू-यासिर म्हणजे सहा फूट उंचीचे बेदुइन अरब गृहस्थ. मिशा अशा, की दोन्ही टोकांना ओले टॉवेल वाळत घालावेत. मिनिबस नवी कोरी होती आणि तिच्यावर त्यांचे पोटच्या पोरीसारखे प्रेम होते. त्यांनी आरशावरून हात फिरवला, देवाचे नाव घेतले आणि सहल निघाली.

सकाळ खरोखर आखणीप्रमाणे गेली. दरीतला झरा बघून झाला. जुन्या शहराचे अवशेष बघून झाले. अविशागने वाटेतल्या दगडांची ओळख अशी करून दिली, जणू सगळी तिच्या माहेरची माणसे. पाऊस नुकताच होऊन गेल्यामुळे उघड्या माळावर पिवळी फुले उगवली होती. एल्काना दर वळणावर घड्याळ बघत होता आणि दर वळणावर म्हणत होता, "बघा! वेळेवर!"

दुपारी विवराच्या तळाशी जेवायला थांबले. पोळीसारख्या पिता, तिळाची चटणी, उकडलेली अंडी. एल्कानाने वडिलांच्या नावाने वाटायचा संत्र्याचा केक डब्यातून काढून मोठ्या दगडावर ठेवला. केक त्याने स्वतः भाजला होता, आणि तो प्रयोगशाळेतल्या टेबलापेक्षा बराच कमी जळला होता.

आणि तेवढ्यात तो आला. रानबोकड! पाठीवर वळलेली तलवारीसारखी शिंगे, चेहऱ्यावर नगरसेवकाचा रुबाब. तो शांतपणे माणसांमधून चालत आला, दगडापाशी थांबला, केक हुंगला आणि अख्खा केक तोंडात धरून निघून गेला.

"केक!" एल्काना ओरडला. "बाबांचा केक!"

उझिएल उठला. उझिएल म्हणजे मंडळातला सर्वांत धिप्पाड आणि सर्वांत मऊ मनाचा गडी. "घाबरू नको, एल्काना! मी आणतो!" असे म्हणून तो बोकडामागे धावला. बोकड चढणीवर गेला, उझिएल चढणीवर गेला. बोकडाने एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर उडी मारली. उझिएलनेही मारली.

बोकडाला चार पाय असतात आणि ते सरावाचे असतात, हा मुद्दा उझिएलच्या लक्षात हवेत असताना आला.

घोटा टरबुजासारखा सुजला. विवराच्या राखीव उद्यानाच्या रक्षकाने आपली जीप आणली आणि उझिएलला विवराच्या उत्तर काठावरच्या गावात, दवाखान्यात न्यायची तयारी केली. चार जणांनी उचलून त्याला जीपमध्ये घातले. त्याच्या मुठीत केकचा एक तुकडा होता. तो त्याने एल्कानाच्या हातात दिला आणि डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला, "एवढाच वाचवू शकलो रे."

एल्कानाने त्याला मिठी मारली. जीप धूळ उडवत गेली. मग योनाने सवयीने बाकीच्यांवरून नजर फिरवली, वचन म्हटले आणि त्याचा चेहरा पडला. शेवटचा शब्द कोणावरच बसेना!

"नऊ," एल्काना दृष्ट लागण्याची पर्वा न करता म्हणाला.

वजनाने पाहिले तर दोन माणसे गेली होती. पण कायदा वजनावर चालत नाही.

"आपण पण गावातच जाऊ," योना म्हणाला. "तिथे प्रार्थनामंदिर आहे. माणसं आयती मिळतील."

"गावात नाही. बाबा गावात चहा प्यायचे नाहीत. काठावर पर्यटकांची गर्दी असते. एक माणूस मिळणार नाही होय?"

"आणि नाही मिळाला तर?" अविशागने विचारले.

"अगं, यहूद्यांच्या देशात एक यहूदी मिळणार नाही?"

दक्षिण काठावर पोचले तेव्हा तिथे वारा होता. वारा भरपूर होता. माणूस एकच होता.

पण काय माणूस! एका दगडावर बसलेला, पांढरी शुभ्र दाढी छातीवर रुळणारी, डोक्यावर काळी टोपी, पायांत चपला, मांडीवर उघडे प्रार्थनापुस्तक! एल्कानाच्या अंगावर काटा आला. त्याने मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि धावत जाऊन म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले. "आजोबा! वडिलांची पुण्यतिथी आहे! तुम्ही आमचे दहावे!"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. तो मोडक्यातोडक्या हिब्रूत म्हणाला, "मुला, या क्षणासाठी मी हॉलंडहून चालत आलो आहे, असंच मला वाटतं."

"हॉलंडहून? तिथल्या कुठल्या प्रार्थनामंदिराचे तुम्ही?"

"चर्चचा," म्हातारा प्रेमाने म्हणाला. "मी पाद्री आहे."

मागे अविशागला ठसका लागला. एल्कानाने म्हाताऱ्याचे हात हळूच सोडले, मग सोडणे बरे दिसेना म्हणून पुन्हा धरले. योनाने डोळे मिटून अत्यंत नम्र शब्दांत अडचण समजावली. पाद्रीबुवांना मुळीच वाईट वाटले नाही. उलट त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून सगळ्यांना वाटला आणि ते म्हणाले, "मोजू नका मला. पण बाजूला उभा राहू का? स्तोत्रं मला पाठ आहेत."

"राहा ना, आजोबा," एल्काना म्हणाला. "आभारी आहे. नुसते उभे राहिलात तरी धीर येतो."

सूर्य आता विवराच्या पश्चिम भिंतीपासून चार बोटे वर होता. तो एकदा बुडाला की यहूदी पंचांगाची तारीख बदलली. मग पुण्यतिथी संपली!

"आता गावाकडे निघालो तर?" एल्कानाने पहिल्यांदाच बारीक आवाजात विचारले.

"विवराच्या मधोमध सूर्य मावळेल," अविशाग म्हणाली. "तिथे तुझा तो बोकड भेटेल. त्यालाच उभा कर दहावा."

तेवढ्यात वरच्या रस्त्याने सायकलस्वार आले. रंगीत कपडे, काळे चष्मे, चांगले सहा-सात! नऊ जण रस्त्याच्या कडेला धावले आणि हात हलवत ओरडले, "प्रार्थना! एक माणूस पाहिजे! एकच!"

उतार असा होता की सायकली थांबवणे त्यांच्या हातात नव्हते. सूं सूं करत एकेक जण समोरून गेला. पण मने चांगली होती. प्रत्येकाने जाता जाता मान वळवून खणखणीत आवाजात म्हटले, "आमेन!"

"कद्दीशच्या आधी आमेन!" योना हळहळला. "हे चालत नाही."

एल्काना रस्त्याच्या कठड्यावर बसला. हातातला केकचा तुकडा आता दगडासारखा झाला होता. "तुम्हाला ठाऊक आहे का," तो कोणाकडे न बघता म्हणाला, "बाबांना रस्त्यात कोणीही हात केला ना, एक माणूस कमी आहे म्हणून, तर ते भरलेला ट्रक थांबवायचे. मुकादम बोंबलायचा. बाबा म्हणायचे, माती काय, उद्याही माती असते. किती लोकांचे दहावे झाले असतील, त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं. आणि आज त्यांच्यासाठी..."

कोणी थट्टा केली नाही. अविशागनेसुद्धा नाही.

अबू-यासिर इतका वेळ बसची काच पुसत होते. त्यांनी फडके खांद्यावर टाकले. "ऊठ, पोरा," ते म्हणाले. "बापासाठी उभं राहायचं तर असं बसून कसं चालेल? मी थांबवतो एक."

ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. पहिली गाडी आली. अबू-यासिरनी दोन्ही हात आडवे केले. गाडी थांबली. ते खिडकीशी वाकले, मिशा आत घातल्या आणि गडगडाटी आवाजात विचारले, "यहूदी आहात का?"

गाडी अशी सुटली की मागे टायरचा वास तेवढा उरला.

दुसरी गाडी आली. "यहूदी आहात का?" ती गाडी तर मागच्या मागेच गेली, पार वळणापर्यंत!

"अबू-यासिर," अविशागने कपाळाला हात लावला, "सुनसान रस्ता, सहा फुटी माणूस, आणि पहिलाच प्रश्न हा! मी असते तर मीसुद्धा पळाले असते."

"मग काय विचारू? आता यहूदीच पाहिजे, तर तुर्की आहात का विचारू?" अबू-यासिर दुखावले गेले. "सगळ्या देशात जिथे बघावं तिथे तुम्हीच तुम्ही. मला आयुष्यात कधी एक शोधावा लागला नाही. आज एक हवाय, तर एक मिळत नाही!"

सूर्य दोन बोटांवर आला.

अविशागने क्षणभर विचार केला आणि ती म्हणाली, "बॉनेट उघडा."

"कशाला? गाडी ठणठणीत आहे."

"म्हणूनच उघडा. या देशात बिघडलेली गाडी बघून न थांबणारा माणूस अजून जन्मायचाय. तो थांबतो, आत डोकावतो आणि फुकट सल्ला देतो. डोकावला की आपण धरायचा."

"निरोगी लेकीला आजारी म्हणायचं? अपशकुन आहे हा!"

"अबू-यासिर, दोन मिनिटं," एल्काना हात जोडून म्हणाला.

अबू-यासिरनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, उसासा टाकला, बसचे तोंड दक्षिणेलाच ठेवून ती कडेला लावली आणि बॉनेट उघडले. उघडताना ते तिच्या कानात काहीतरी पुटपुटले. बहुधा माफी मागितली.

बॉनेटचा दांडा खाचेत बसायच्या आत एक जुनाट पिकअप येऊन थांबली! आतून एक म्हातारा उतरला. हिवाळ्यात अर्धी चड्डी, उघडे काटकुळे पाय आणि हातात अवजारांची पेटी. त्याने नमस्कार केला नाही, चौकशी केली नाही. "सरका," म्हणाला आणि कमरेपर्यंत बॉनेटमध्ये शिरला.

"आजोबा," एल्कानाने त्याच्या पाठीला विचारले, "आपण यहूदी का?"

"जवळच्या किबुत्झचा, त्या सामुदायिक शेतवस्तीचा. यिफ्ताख. चाळीस वर्षं तिथलं गॅरेज माझ्याकडे होतं. कसला आवाज येत होता?"

"आवाज येत नव्हता. गाडी चांगली आहे. आम्हाला प्रार्थनेला दहावा माणूस हवाय."

बॉनेटमधली खुडबुड थांबली. यिफ्ताख बाहेर आले. त्यांनी सगळ्यांकडे नीट पाहिले. पाद्रीबुवांकडे जरा जास्त वेळ पाहिले.

"माझं आणि देवाचं बोलणं बंद आहे," ते म्हणाले. "सैन्यात होतो तेव्हापासून. तो बोलत नाही, मी बोलत नाही. दोघांचं बरं चाललंय."

"तुम्ही बोलू नका. नुसते उभे राहा."

"उभा राहिलो तर त्याला वाटेल मी माघार घेतली. नाही! मी गाडीसाठी थांबलोय, गाडी दुरुस्त करूनच जाणार."

"पण ती बिघडलेलीच नाही हो!" अबू-यासिर कळवळले.

"बॉनेट उघडं, रस्त्याच्या कडेला, अकरा पुरुष तोंडं पाडून उभे, आणि म्हणे बिघडलेली नाही! चाळीस वर्षांत असं म्हणणारे मी खूप बघितलेत." आणि यिफ्ताख पुन्हा आत शिरले. "हा पट्टा बघा. हा काय नवा पट्टा आहे?"

"नवाच आहे! हात लावू नका!"

"ओढून बघितल्याशिवाय कसं कळणार?"

फट्!

अबू-यासिर मटकन खाली बसले. यिफ्ताखनी तुटलेला पट्टा उंच धरला आणि विजयी मुद्रेने म्हटले, "बघितलंत? म्हणत होतो ना, बिघडलेली आहे!"

सूर्य एका बोटावर होता. एल्कानाने तुटलेल्या पट्ट्याकडे पाहिले, सूर्याकडे पाहिले, बॉनेटमध्ये परत गेलेल्या दोन काटकुळ्या पायांकडे पाहिले. मग अचानक त्याने योनाची बाही धरली. "योना! त्यांनी बाहेर यायलाच हवं का?"

योनाने डोळे मिटले.

"लवकर मीट!"

"उघड्यावर भिंती नसतात," योना डोळे मिटूनच भराभर म्हणाला, "तेव्हा सगळे एकमेकांना दिसतील असे एकत्र हवेत. निम्मा माणूस तर दिसतोच आहे. बस दक्षिणेला तोंड करून उभी आहे, म्हणजे बॉनेटकडे बघितलं की आपलं तोंड उत्तरेला, यरुशलेमची दिशाही बरोबर. आपण बॉनेटला अर्धगोल करून उभं राहायचं."

"आणि त्यांची श्रद्धा नाही त्याचं काय?"

"श्रद्धेची अट नाही. हजेरीची आहे."

"अगदी आपल्या कॉलेजसारखं," अविशाग म्हणाली. "उभे राहा आता, सूर्य थांबणार नाही!"

नऊ जण बॉनेटभोवती उभे राहिले. मुली त्यांच्यामागे उभ्या राहिल्या आणि वारा अडवला. पाद्रीबुवांनी टोपी काढून छातीशी धरली. अबू-यासिर उठले, बसच्या दिव्यावर एक हात ठेवून एका बाजूला स्तब्ध झाले. योनाने दबक्या आवाजात वचन म्हटले. शेवटचा शब्द अर्ध्या चड्डीवर बरोबर बसला.

प्रार्थना झरझर झाली. आतून पान्ह्याची टकटक चालूच होती. मग एल्काना एक पाऊल पुढे आला. समोर इंजिन, इंजिनात म्हातारा, पलीकडे विवराची भिंत लाल होत चाललेली. त्याने कद्दीश सुरू केला. पहिल्याच शब्दाला त्याचा आवाज फाटला.

टकटक थांबली.

एल्कानाने घसा साफ केला आणि पुन्हा सुरू केले. पहिला विराम आला. आठ जणांनी आमेन म्हटले. आणि बॉनेटच्या आतून, पत्र्याला घुमून, कोणी विहिरीतून बोलावे तसा नववा आवाज आला, "आमेन!"

मुलींमध्ये कोणीतरी हुंदका दिला. एल्काना पुढे म्हणत गेला. दर विरामाला इंजिनातून आमेन येत होते, एकदाही चुकले नाही, एकदाही उशीर झाला नाही. शेवटचा शब्द संपला आणि सूर्याची शेवटची कड विवराच्या भिंतीआड गेली.

मग एकच गलका! कोणी एल्कानाला मिठी मारली, कोणी योनाला. पाद्रीबुवांनी सगळ्यांना मारली. केकच्या त्या वाचलेल्या तुकड्याचे अविशागने खडक फोडायच्या हातोडीने कण केले आणि एकेक कण सगळ्यांच्या हातावर ठेवला. अबू-यासिरनी काटक्या पेटवून चहा ठेवला. लेकीवरचा प्रसंग ते विसरले नव्हते, पण चहात साखर त्यांनी नेहमीसारखीच घातली, म्हणजे दातांना जाणवेल इतकी.

"यिफ्ताख आजोबा," एल्काना बॉनेटमध्ये वाकून म्हणाला, "तुमचे उपकार..."

"कसले उपकार? पट्टा बघतोय मी. आणि ते मी त्याच्याशी बोललो नाही. तुझ्या बापाशी बोललो. सरक, उजेड अडतोय."

एल्काना हसला, डोळे पुसले आणि फोन काढला. काठावर सिग्नल होता. दिवसभर ज्या क्षणाची वाट बघितली तो आला होता. सगळ्यांना ऐकू यावे म्हणून त्याने फोनचा आवाज मोठा केला.

"आई! आठवण करून द्यायची गरज नाही! सगळं झालं!"

"काय झालं, सोन्या? जेवलास का?"

"अगं, बाबांचा कद्दीश! त्यांच्या चहाच्या वळणावर! दहा जण जमवले, एक तर इंजिनात शिरलेला, सूर्य बुडायच्या आत!"

पलीकडून नुसते पुटपुटणे ऐकू आले. आई रडत असणार, असे एल्कानाला वाटले.

"एल्काना," आई म्हणाली, "बाबांची पुण्यतिथी पुढच्या महिन्यात आहे."

चहाचे पेले हवेत थांबले.

"पुढच्या महिन्यात कशी? आज अदारची वीस!"

"यंदा अधिक महिना आहे ना, राजा! अदार दोन आहेत. हा पहिला. आपल्याकडे पुण्यतिथी दुसऱ्यात करतात. तुझ्या आजोबांची तशीच केली, पणजोबांची तशीच केली. कोणाला विचारून केलंस हे?"

सगळ्यांच्या माना सावकाश योनाकडे वळल्या. योनाने डोळे मिटले.

"वाक्नीनकाकू," तो क्षीण आवाजात म्हणाला, "आमच्या घराण्यात पोलंडात होतो तेव्हापासून पहिल्याच महिन्यात करतात. तसा भक्कम आधार आहे..."

"लेकरा, तुमच्याकडे तर वल्हांडणाच्या सणात भातसुद्धा खात नाहीत! तुमच्याकडचं तुमच्याकडे ठेवा!"

एल्काना कठड्यावर टेकला. सबंध दिवस त्याच्या डोळ्यांसमोरून गेला. बोकड, घोटा, सायकली, फट् करून तुटलेला पट्टा! "म्हणजे सगळं फुकट गेलं," तो म्हणाला.

"फुकट?" आईचा आवाज एकदम बदलला. "तुझ्या बापाला न ओळखणारी माणसं त्याच्यासाठी थंडीत उभी राहिली, ते फुकट? तोसुद्धा कुठेही जायचं तर आधीच जाऊन बसायचा. चाललं असेल त्याला. आता मला सगळ्यांची नावं सांग. आईच्या नावासकट. शुक्रवारी शब्बाथच्या दिव्यापुढे एकेकासाठी दुआ मागणार आहे मी."

एल्कानाने नावे सांगितली. योना, शिफ्राचा मुलगा. अविशाग, गेऊलाची मुलगी. सगळ्या मुलींची नावे आईने नीट विचारून घेतली, एकही गाळली नाही. उझिएलचे नाव घोट्यासकट सांगितले. अबू-यासिरनी घसा खाकरून स्वतःच फोनपाशी सांगितले, "हस्नाचा मुलगा. आणि बाई, जमलं तर बससाठीही मागा." पाद्रीबुवांनी आपल्या आईचे नाव तीनदा सांगितले, आणि एल्कानाच्या आईने ते चौथ्यांदा बरोबर म्हटले.

"आणि इंजिनात कोण आहे म्हणालास?"

बॉनेटमध्ये पान्हा खाली ठेवला गेला. "यिफ्ताख, रिव्काचा," शेवटी आवाज आला. "पण ती असलं काही मानायची नाही."

"मी मानते ना, भाऊ. दोघींचं मिळून पुरे होतं," आई म्हणाली. "एल्काना, पुढच्या महिन्यात सगळ्यांना घेऊन ये. उपाशी कोणाला पाठवणार नाही. आणि केक मी करेन, तू नको."

फोन बंद झाला. अंधार पडू लागला होता. एल्काना उठून उभा राहिला. त्याने सगळ्यांकडे पाहिले, आणि त्याला लाजही वाटली आणि छाती भरूनही आली.

"मित्रांनो," तो चाचरत म्हणाला, "तुमचे आभार कसे मानू ते कळत नाही. आणि आता म्हणजे... पुढच्या महिन्यात... याच वळणावर पुन्हा एकदा दहा जण लागतील."

कोणी काही बोलायच्या आत बॉनेटमधून काहीतरी धातूचे निसटले, ठण् ठण् करत आपटत गेले आणि विवरात पडल्याचा आवाज आला. मग यिफ्ताखनी डोके बाहेर काढले.

"दहा माणसांची काळजी करू नकोस, पोरा," ते हात पुसत म्हणाले. "या गाडीची अवस्था बघता पुढच्या महिन्यात तुम्ही सगळे इथेच असाल."